ट्रम्पेट निवडताना : सूर, वाजविण्याची रीत आणि खिसा

उमापूर (ता. गेवराई, जि. बीड) : ऊसतोडीला गेलेली कुटुंबे कारखान्यांचा पट्टा पडल्यावर गावाकडे परततात आणि चैत्र-वैशाखात तालुक्यातील गावोगावी लग्नाचे मांडव उभे राहतात. बँड पार्ट्यांच्या सुपाऱ्या त्याआधीच ठरलेल्या असतात. हंगाम जेमतेम अडीच-तीन महिन्यांचा आणि त्यावर वादकाच्या वर्षाचा बराचसा हिशेब अवलंबून. अशा वेळी मास्तरच्या हातातील ट्रम्पेट परण्या मारुतीच्या देवळापर्यंत पोचण्याआधीच अडकू लागला, पिस्टन वर येईना झाला किंवा सूर गायकाच्या पट्टीशी जुळेनासा झाला, तर नुकसान केवळ त्या दिवसाचे नसते. पुढची सुपारी दुसऱ्या पार्टीकडे जाते.

तरीही वाद्य घेताना बहुतेक वादक दोनच गोष्टी पाहतात. एक चकाकी आणि दुसरी किंमत. जे वाद्य पुढची दहा-पंधरा वर्षे ओठांना लावायचे आहे, त्याची नळी किती रुंद, भोंगा कसा, माऊथपीस कोणत्या मापाचा, याची चौकशी फारशी होत नाही. दुकानदारही आपणहून सांगत नाही. नवे किंवा जुने ट्रम्पेट घेऊ पाहणाऱ्यांसाठी ही माहिती.

नावाचा घोळ

प्रथम नावाबद्दल. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत 'तुतारी वाजवणारा माणूस' हे एका पक्षाचे चिन्ह होते, तर 'ट्रम्पेट' नावाच्या मुक्त चिन्हाचे मराठी नावही 'तुतारी' असेच छापले गेले. त्यावरून राज्यभर वाद झाला. बीड मतदारसंघात हे दुसरे चिन्ह मिळालेल्या अपक्ष उमेदवाराला ५० हजारांहून अधिक मते पडली. त्या वादात ट्रम्पेटला 'पिपाणी' हे नाव चिकटले. वाद्यांच्या दृष्टीने पाहता ही तीन निरनिराळी वाद्ये होत. पिपाणीत पाती असते, ती सनईच्या जवळची. तुतारी आणि शिंग यांत पाती नसते, ओठांच्या कंपनानेच नाद निघतो, परंतु सूर बदलण्यासाठी कळा नसतात. ट्रम्पेटमध्येही ओठच थरथरतात, पण तीन पिस्टनमुळे त्यात सप्तकातील बाराही स्वर मिळतात.

पिस्टनची ही युक्ती फार प्राचीन नाही. हाइनरिश श्टोल्ट्सेल आणि फ्रीडरिश ब्ल्यूमेल या दोघा जर्मन वादकांनी १८१८ मध्ये पितळी वाद्याच्या व्हॉल्व्हचे पेटंट घेतले. आज आपल्याकडील वाद्यांत दिसणारा उभा पिस्टन पॅरिसच्या पेरिने या कारागिराने १८३० च्या दशकाच्या अखेरीस घडविला. त्यापूर्वी युरोपातील ट्रम्पेटही आपल्या तुतारीसारखेच मोजके स्वर देणारे होते.

काळी पाच आणि तीन पिस्टन

बँडमध्ये वाजतो तो 'बी फ्लॅट' ट्रम्पेट. नळी उलगडली तर सुमारे दीड मीटर लांब भरेल. एकही पिस्टन न दाबता केवळ ओठ आवळत गेल्यास त्यातून अनुक्रमे सा, प, तार सा, त्यावरचा ग आणि त्यावरचा प असे स्वर निघतात. हा 'सा' म्हणजे हार्मोनियमची काळी पाच. मधला पिस्टन दाबला की स्वर अर्ध्याने उतरतो, पहिला दाबला की पूर्ण स्वराने आणि तिसरा दाबला की दीड स्वराने. या तीन कळांच्या बेरीज-वजाबाकीतून सारे सप्तक उभे राहते.

वाद्य निवडताना या गणिताचा उपयोग होतो. काळी पाच, काळी दोन आणि पांढरी चार या पट्ट्यांतील गाणी ट्रम्पेटवर सहज बसतात, कारण त्यांत बोटांची ओढाताण कमी. काळी एक ही अनेक पुरुष गायकांची आवडती पट्टी मात्र ट्रम्पेटवाल्याला अवघड जाते. ट्रॉलीवर माइक धरून गाणारा गायक आणि त्याच्या शेजारचा कीबोर्ड हे आता बहुतेक बँडचे अविभाज्य भाग झाले आहेत. कीबोर्डवाला कळ फिरवून हवी ती पट्टी क्षणात लावतो. ट्रम्पेटवाल्याला ती सोय नाही. म्हणून ज्या पार्टीबरोबर वाजवायचे, तिच्या गायकाची पट्टी कोणती हे ठाऊक असल्याखेरीज दुकानात जाऊ नये आणि गेल्यावर त्याच पट्टीत वाद्य वाजवून पाहावे.

आणखी एक बारकावा आहे. पिस्टन न दाबता निघणारा वरचा गांधार कीबोर्डच्या गांधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर सुमारे १४ भागांनी. कीबोर्डबरोबर तो 'बेसूर' वाटतो आणि वादक वाद्याला दोष देतो. वस्तुतः हा नैसर्गिक गांधार होय. तानपुऱ्याच्या तारेतून ऐकू येतो तो हाच. सनई किंवा क्लॅरिनेटवर रागदारी अंगाने धून वाजविणाऱ्या मास्तरबरोबर हाच स्वर गोड लागेल. म्हणजे स्वराचा दोष आणि स्वराचा स्वभाव यांत फरक करता आला पाहिजे. पहिला व तिसरा पिस्टन एकत्र दाबल्यावर निघणारा खालचा स्वर मात्र खरोखरच चढा असतो, तीनही दाबल्यावर त्याहून अधिक. तो उतरविण्यासाठी चांगल्या वाद्यात तिसऱ्या पिस्टनच्या स्लाइडला बोट अडकविण्याची कडी असते आणि वाजवताना ती स्लाइड पुढे ढकलता येते. कडी आहे पण स्लाइड जाम, असा प्रकार स्वस्त वाद्यांत सर्रास आढळतो. ती हलत नसेल तर कडी नुसती शोभेची.

नळी आणि भोंगा

ट्रम्पेटच्या नळीच्या आतल्या व्यासाला 'बोअर' म्हणतात. जगभर सर्वाधिक खपणारे माप सुमारे ११.६५ मिलिमीटरचे असून त्याला 'मीडियम लार्ज' अशी संज्ञा आहे. त्याहून अरुंद नळीत फुंक कमी लागते, सूर लवकर पकडतो आणि आवाज टोकदार येतो. रुंद नळीत आवाज भरीव होतो, पण दम अधिक लागतो. मांडवात अर्धा तास वाजवणाऱ्याला रुंद नळी परवडेल. रात्री आठला निघून बाराला पोचणाऱ्या वरातीत चार तास चालत वाजविणाऱ्याने ती घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा. नवख्या वादकाने रुंद बोअरच्या मोहात पडूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. 'मोठा बाजा, मोठा आवाज' ही समजूत चुकीची आहे. लांबवर ऐकू जातो तो चकचकीत, वरच्या कंपनांनी भरलेला आवाज, आणि तो मध्यम नळीतूनही निघतो.

भोंग्याचा काठ साधारणतः १२३ मिलिमीटरचा असतो. पण काठापेक्षा महत्त्वाचा तो भोंगा कोठून आणि किती वेगाने पसरत जातो, हा भाग. हळूहळू, आधीपासून पसरणारा भोंगा मऊ, गोलसर आवाज देतो. शेवटच्या टप्प्यात एकदम उघडणारा भोंगा आवाजाला धार आणतो. न्यूयॉर्कमध्ये १९१८ मध्ये व्हिन्सेंट बाख या मूळच्या ऑस्ट्रियन ट्रम्पेटवादकाने सुरू केलेल्या कारखान्यात या आकारांना क्रमांक दिले गेले. त्यातील '३७' क्रमांकाचा भोंगा जगभरातील वाद्यवृंदांत जणू प्रमाण मानला जातो आणि अनेक कारखाने त्याचीच नक्कल करतात. '७२' क्रमांकाचा त्याहून मोकळा.

धातूबद्दल दुकानांतून बरेच काही सांगितले जाते. नेहमीचे पिवळे पितळ म्हणजे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. तांबे ८५ टक्क्यांपर्यंत नेले की त्याला 'गोल्ड ब्रास' म्हणतात आणि ९० टक्क्यांच्या आसपास ते लालसर दिसू लागते. तांबे वाढेल तसा आवाज गडद होतो, असा वादकांचा सार्वत्रिक अनुभव सांगितला जातो. त्यात तथ्य असले तरी आकाराचा परिणाम धातूच्या परिणामापेक्षा मोठा, हे ध्यानात ठेवावे. वरच्या मुलाम्याचे तर त्याहून कमी. चांदीचा मुलामा, लॅकर किंवा निकेल यांपैकी काय निवडायचे हा मुख्यतः टिकाऊपणाचा आणि घामाचा प्रश्न आहे. घामाने लॅकर हाताच्या जागी लवकर उडते. निकेलचा मुलामा उन्हात झगमगतो, म्हणून मिरवणुकीच्या बाजांना तो पूर्वीपासून आवडता. काहींच्या त्वचेला मात्र निकेल सोसत नाही. ओठांखाली पुरळ येत असेल तर निकेलचा मुलामा उडालेला माऊथपीस आधी बदलावा.

माऊथपीस : निम्मे वाद्य

आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित भाग हाच. वाद्यासोबत जो मिळाला तो पुढची वीस वर्षे वापरायचा, अशी रीत आहे. प्रत्यक्षात आवाजाचा पोत बदलण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे माऊथपीस बदलणे. नवे ट्रम्पेट घेण्याची ऐपत नसलेल्याने आधी येथे खर्च करावा.

माऊथपीसच्या वाटीचा व्यास, तिची खोली आणि काठाची गोलाई, या तीन गोष्टी पाहायच्या. बाखच्या पद्धतीत अंक व्यास सांगतो आणि अक्षर खोली. अंक जितका लहान, वाटी तितकी रुंद. अक्षर ए, बी, सी असे पुढे जाते तशी वाटी उथळ होत जाते. नवशिक्यांना दिला जाणारा ७-सी सुमारे १६.२ मिलिमीटरचा, ३-सी सुमारे १६.३ चा आणि १½-सी १७ मिलिमीटरचा. फरक एका मिलिमीटरच्याही आतला, पण ओठांना तो पहिल्याच फुंकीत कळतो. यामाहाच्या पद्धतीत अंकाचा अर्थ उलटा आहे. तेथे मोठा अंक म्हणजे रुंद वाटी. त्यामुळे एका कंपनीचा आकडा पाठ करून दुसऱ्या कंपनीचा माऊथपीस मागविणाऱ्यांची फसगत होते. यामाहाच्या विद्यार्थी वाद्यांबरोबर येणारा ११-बी-४ हा साधारण ७-सीच्या वळणाचा आहे.

खोल वाटी आवाज गडद करते, वरचे स्वर कष्टाचे होतात. उथळ वाटीत वरचे स्वर हलके निघतात आणि आवाज चिरत जातो, पण खालचे सप्तक पातळ पडते. वरातीत सतत वरच्या पट्टीत वाजविणारे काही जण अतिशय उथळ माऊथपीस लावतात. पहिल्या तासात त्याचा फायदा दिसतो. पुढे ओठ सुजले की वाटीत जागाच उरत नाही आणि सूर निघेनासा होतो. चार तासांच्या कामाला मध्यम खोलीचा, जरा रुंद आणि गोल काठाचा माऊथपीसच बरा. काठ धारदार असेल तर स्वर नेमका लागतो, पण ओठावर वण उठतो.

माऊथपीसचा दांडा वाद्याच्या खोबणीत घट्ट बसला पाहिजे. तो हलत असेल किंवा अर्ध्यावरच अडकत असेल तर उत्तम वाद्यही फाटके वाजते. कॉर्नेटचा दांडा ट्रम्पेटच्या दांड्याहून बारीक असतो. कागद गुंडाळून तो ट्रम्पेटला बसविण्याचे उद्योग करू नयेत.

ट्रम्पेटचा सारा भार पुढच्या दातांवर आणि हिरड्यांवर येतो, हे येथेच सांगितले पाहिजे. गुटख्याने हिरड्या गेलेल्या वादकाला कोणताही माऊथपीस साथ देत नाही. एकच माऊथपीस चौघांनी आळीपाळीने वापरण्याची सवयही सोडावी.

कशासाठी वाजवायचे?

खरा प्रश्न हा आहे. एकच वाद्य सर्व कामांना सारखे उत्तम चालत नाही.

वरात आणि मिरवणूक ही उघड्यावरची कामे. भोवती ताशा, ढोल, हलगीचा कडकडाट, वर कर्णे. येथे पिवळ्या पितळेचा, मध्यम नळीचा, धारदार भोंग्याचा ट्रम्पेट हवा. वाद्य मजबूत हवे, कारण गर्दीत कोपर लागून पोचे येतातच. पुण्याच्या गणेश विसर्जन मिरवणुकीत प्रभात, दरबार अशा जुन्या ब्रास बँडचे वादन ऐकलेल्यांना सर्व ट्रम्पेट एकाच जातीचे असले की सांघिक आवाज कसा एकसंध येतो, हे ठाऊक असेल. पार्टीत चार ट्रम्पेट असतील आणि चारही निरनिराळ्या घडणीचे असतील तर सूर जुळवण्यातच रात्र जाते. मालकाने एकाच बनावटीची वाद्ये घ्यावीत, जुनी असली तरी चालेल.

मराठी-हिंदी गीतांची धून गायकी अंगाने वाजवायची असेल तर निकष बदलतो. आपल्या गाण्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याला, मींडेला, महत्त्व आहे. ट्रम्पेटवर ती पिस्टन अर्धा दाबून आणि ओठ सैल करून काढावी लागते. काही वाद्यांत प्रत्येक स्वर खाचेत बसल्यासारखा पक्का बसतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदात तो गुण समजला जातो. मींडेला मात्र असे वाद्य विरोध करते. म्हणून दुकानात वाजवून पाहताना केवळ सरगम न वाजवता एखादी संथ चाल घ्यावी आणि षड्जावरून ऋषभ-गांधारापर्यंत घसरत जाऊन पाहावे. स्वर मध्येच तुटतो की वाहतो, ते लगेच समजते. या कामाला जरा मोकळ्या भोंग्याचा ट्रम्पेट चांगला. ज्यांना मिरवणूक करायचीच नाही त्यांनी कॉर्नेटचाही विचार करावा. त्याची नळी हळूहळू रुंदावत जाते, आवाज मऊ असतो आणि मापे ट्रम्पेटसारखीच, त्यामुळे बोटे नव्याने शिकावी लागत नाहीत.

चित्रपट संगीतातील ट्रम्पेटचा इतिहास गोव्याच्या वादकांशिवाय सांगता येत नाही. पोर्तुगीज काळात तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि वाद्ये शिकविली जात. त्या मुशीतून आलेले अनेक वादक मुंबईच्या हॉटेलांत आणि स्टुडिओंत स्थिरावले. हळदोण्यात १९१६ मध्ये जन्मलेले आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांना 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हटले जाई. पुणतांब्याचे सुपुत्र सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला' (१९५१) या चित्रपटात त्यांचा ताफा पडद्यावरही दिसतो. ही शैली वाजवू पाहणाऱ्याला हलका, चटकन प्रतिसाद देणारा ट्रम्पेट आणि एक-दोन म्यूट लागतात. म्यूट म्हणजे भोंग्यात बसवायची डबी. तिने आवाज दबतो आणि नाकातून आल्यासारखा होतो. वरातीत तिचा काही उपयोग नाही.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांनी वेगळा विचार करावा. राज्य पोलीस दलाच्या भरतीत बॅण्डस्मन हे स्वतंत्र पद असते. अलीकडच्या भरतींत शिपाई पदासाठी बारावी, तर बॅण्डस्मनसाठी दहावी उत्तीर्ण अशी शैक्षणिक अट राहिली आहे. वाद्य वाजविता येणे अर्थातच आवश्यक. वंशपरंपरेने वाजंत्रीचे काम करणाऱ्या मातंग, होलार आणि अन्य समाजांतील मुलांसाठी ही पेन्शनीपेक्षाही प्रतिष्ठेची वाट आहे. पोलीस बँडचे संचलन-वादन पाश्चात्त्य स्वरलिपीवर चालते. कानाने ऐकून पन्नास गाणी वाजविणारा मुलगा तेथे कागद समोर आला की अडखळतो. अशा उमेदवाराने सुरात पक्का, प्रमाण मापाचा विद्यार्थी ट्रम्पेट घ्यावा आणि उरलेले पैसे महागड्या वाद्यात न घालता स्वरलिपी शिकण्यात घालावेत.

मेरठचा की परदेशी?

आपल्याकडील बँडची बहुसंख्य वाद्ये उत्तर प्रदेशातील मेरठहून येतात. तेथील जली कोठी परिसर म्हणजे पितळी वाद्यांची पेठच. १८८५ मध्ये सुरू झालेली नादिर अली ही तेथील सर्वांत प्रसिद्ध पेढी. मूळ ग्राहक ब्रिटिश पलटणींचे बँड होते. पुढे लग्नाच्या बँडनी ती जागा घेतली. मेरठच्या बिगुलाला २०२५ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

मेरठी ट्रम्पेट काही हजार रुपयांत मिळतो. यामाहासारख्या जपानी कंपनीच्या विद्यार्थी श्रेणीतील वाद्याला त्याच्या कितीतरी पट पैसे पडतात आणि व्यावसायिक श्रेणीतील बाख किंवा यामाहाची किंमत तर मोटारसायकलला मागे टाकते. किमतीतील हा फरक कशाचा? मुख्यतः पिस्टनचा. पिस्टन आणि त्याचे नळकांडे यांतील फट केसाहूनही बारीक असावी लागते. यंत्रावर घासून बसविलेल्या मोनेल धातूच्या किंवा निकेल चढविलेल्या पिस्टनमध्ये ती एकसारखी येते. हाताने बसविलेल्या पिस्टनमध्ये ती कारागिराच्या हातावर अवलंबून असते. म्हणून मेरठच्या एकाच दुकानातील, एकाच किमतीचे दोन ट्रम्पेट जमीन-अस्मानाचा फरक दाखवतात. याचा अर्थ मेरठी वाद्य टाकाऊ असा नव्हे. ते निवडून घ्यावे लागते, एवढाच. पाच वाजवून एक घेणाऱ्याला त्यात चांगले वाद्य मिळू शकते. आधी माणूस न पाठवता, नुसत्या फोनवर किंवा संकेतस्थळावर पैसे भरून मागविणाऱ्याला ते मिळेलच असे नाही.

हाच पैसा वापरलेल्या जपानी वाद्यात घालावा का, हा प्रश्न अनेकांना पडतो. आमच्या मते पिस्टन शाबूत असतील तर होय. मुंबईत धोबीतलाव भागात वाद्यांची जुनी दुकाने आहेत, फुर्तादोस ही १८६५ पासूनची पेढी त्यांपैकीच. नवी विलायती वाद्ये तेथे हातात घेऊन पाहता येतात. जुने घ्यायचे असले तरी आधी एकदा नवे वाजवून कान तयार करावा.

जुने वाद्य घेताना

डीजेच्या लाटेत अनेक पार्ट्या बंद पडल्या. त्यावर २०२० आणि २०२१ अशा लागोपाठ दोन उन्हाळी लग्नसराया टाळेबंदी व निर्बंधांत गेल्या. त्यामुळे जुनी वाद्ये विक्रीला निघतात. ती घेताना पुढील चाचणी करावी. तिसऱ्या पिस्टनची स्लाइड, पिस्टन न दाबता, हळूच बाहेर ओढावी आणि थोडे थांबून पिस्टन दाबावा. 'टप्प' असा आवाज आला तर पिस्टन हवाबंद आहे. आवाज आला नाही तर हवा आतल्या आत निसटते आहे आणि अशा वाद्यात कितीही दम घातला तरी आवाज भरत नाही. पिस्टनचे काम खर्चिक असते, ते करू शकणारा कारागीर तालुक्याच्या गावी मिळणे कठीण.

दुसरी गोष्ट माऊथपीसलगतच्या सरळ नळीची. तिच्यावर गुलाबी-लालसर ठिपके दिसले तर पितळेतील जस्त झडून धातू आतून पोकळ होत चालला आहे, असे समजावे. लाळेच्या ओलाव्याने हे घडते आणि त्यावर रंग किंवा मुलामा चढवून उपयोग नसतो. ती नळी पुढेमागे बदलावीच लागते. भोंग्यावरचा पोचा दिसायला वाईट, पण आवाजाला फारसा बाधक नसतो. सरळ नळीवरचा किंवा पिस्टनच्या नळकांड्यावरचा बारीकसा पोचाही घातक. डाग दिलेले सांधे बोटाने हलवून पाहावेत.

पलटणीच्या किंवा पोलिसांच्या जुन्या साठ्यातील म्हणून विकल्या जाणाऱ्या विलायती वाद्यांबाबत एक सावधगिरी. ब्रिटिश लष्करी बँडमध्ये १९२० च्या दशकाअखेरपर्यंत आजच्यापेक्षा चढा स्वर प्रचलित होता. आजचा मध्यमान 'ए' ४४० कंपनांचा, तेव्हाचा सुमारे ४५२. असे वाद्य ट्यूनिंग स्लाइड पूर्ण ओढूनही आजच्या कीबोर्डशी धड जुळत नाही. दिवाणखान्यात मांडायला ते उत्तम.

ऊन आणि सूर

मराठवाड्यातील वादकाला युरोपातील पुस्तके न सांगणारी एक अडचण असते. हवा तापली की तिच्यातून ध्वनी वेगाने जातो. २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर ४० अंशांना सुमारे ३५५ मीटर. परिणामी ट्रम्पेटचा सूर चढतो. नळीतील हवा वादकाच्या श्वासाने आधीच कोमट असल्याने प्रत्यक्ष फरक या आकड्यांइतका पडत नाही, पण वैशाखातल्या दुपारी तो कानाला बोचतो. कीबोर्ड मात्र जागचा हलत नाही. म्हणून वाद्य घेताना मुख्य ट्यूनिंग स्लाइड पूर्ण आत असताना सूर कीबोर्डपेक्षा थोडा चढा यायला हवा. मग उन्हात ती एक सेंटिमीटर ओढली की नळी दोन सेंटिमीटरने लांबते आणि सूर जागेवर येतो. दुकानातील गारव्यात स्लाइड आधीच बरीच बाहेर काढून सूर जुळवावा लागत असेल, तर ते वाद्य उमापूरच्या उन्हात कामाचे नाही. पंख्याखाली पाच मिनिटे वाजवून निर्णय घेऊ नये. दुकानदाराची परवानगी काढून बाहेर रस्त्यावर, उन्हात उभे राहून वाजवावे. लोक पाहतील, पाहू द्यावे.

निगा

पिस्टनला व्हॉल्व्ह ऑइलच घालावे. खोबरेल तेल घालण्याची पद्धत गावाकडे आहे. ते २४ अंशांच्या खाली गोठते आणि थंडीतील पहाटेच्या काकड्याला किंवा तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्तांना पिस्टन जाम होतो. चिंच किंवा भांडी घासायची पावडर लावून वाद्य चकचकीत करण्याने लॅकर निघते, आणि पावडरचा कण पिस्टनमध्ये गेला तर तो आतून ओरखडे पाडतो. कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब आणि मऊ कापड एवढेच पुरते. पाणी उकळते नको. वाजवून झाल्यावर नळीतील पाणी काढून टाकावे, महिन्यातून एकदा माऊथपीस आणि सरळ नळी आतून धुवावी. हंगाम संपल्यावर पेटी माळ्यावर टाकण्यापूर्वी सर्व स्लाइड काढून त्यांना व्हॅसलीनचे बोट लावून ठेवले की पुढच्या वर्षी त्या पक्कडीने ओढाव्या लागत नाहीत.

खरेदीची वेळ दिवाळीनंतरची योग्य. नव्या वाद्याला ओठ सरावायला दोन-तीन महिने लागतात. फाल्गुनात घेतलेला ट्रम्पेट चैत्रातल्या पहिल्याच वरातीत वाजवायला काढणे वादकालाही जड जाते आणि वऱ्हाडालाही.